ऑडिओ रिव्ह्यूवाल्यांनी प्रोटोटाइपला अवॉर्ड द्यावा का?

माझ्या मते नाही. निदान 'प्रॉडक्ट ऑफ द इयर' तरी नाहीच, कारण प्रॉडक्ट म्हणजे जे मी लॅमिंग्टन रोडला (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) जाऊन पैसे मोजून घरी आणू शकतो ते. प्रोटोटाइप म्हणजे विक्रीआधीचा नमुना, तो अजून दुकानात आलेलाच नाही, मग हे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

मी हौसेने स्पीकर जोडतो (दादरला, वन रूम किचनमध्ये, शेजारी सोसतात बिचारे) म्हणून सांगतो, कंपनीतला इंजिनिअर प्रोटोटाइप हाताने जुळवतो, दोन्ही वूफर (जाड आवाजाचे स्पीकर) मोजून एकसारखे निवडतो, क्रॉसओव्हरचे (जाड-बारीक आवाज वेगळे करून आपापल्या स्पीकरकडे पाठवणारं सर्किट) कपॅसिटर मीटरवर तपासून लावतो. फॅक्टरीत एवढं कोण करत बसणार? साध्या इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरला २० टक्के कमीजास्त सर्रास चालतं, म्हणजे १० मायक्रोफॅरडचा ८ पण निघू शकतो नि १२ पण, आणि तो ट्वीटरच्या (बारीक आवाजाचा स्पीकर) वाटेत बसला की आवाज कुठून कापला जातो तेच बदललं ना. हेडफोनला तर नुसते पॅड बदलले, कानाभोवती फट राहिली, की बेस गायब.

मी स्वतः एकदा असा प्रोटोटाइपवर अवॉर्ड मिळालेला हेडफोन प्रीऑर्डर केला, सात महिने थांबलो, आला तर डावीकडचा आवाज हळू. आधी वाटलं लोकलच्या दारात उभं राहून माझाच कान गेला, मग उलटा घालून बघितला तर हळू आवाज उजवीकडे. कंपनी म्हणे एवढा फरक नॉर्मल आहे. बायको ते सात महिने अजून काढते.

आता कोणी म्हणेल विक्रीला आलेला मालही बदलतोच की. बदलतो, ऑक्टोबर २०२० मध्ये जपानला नोबेओकात असाही कासेईच्या चिप फॅक्टरीला आग लागली, तिथल्या एकेएम नावाच्या डॅक चिप (डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा सिग्नल करणाऱ्या) मिळेनात, मग बऱ्याच कंपन्यांनी डिझाइन बदलून ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप टाकली. पण तिथे जुना नग लोकांच्या घरात होता, दोन्ही शेजारी ठेवून ऐकता आले.

प्रोटोटाइपबद्दल लिहा की, फोटो टाका, अवॉर्ड मात्र दुकानातून सीलबंद खोका उचलून ऐकल्यावरच.

अडचण एकच, वर्षाला पाच-दहा अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवणारा एकटा माणूस. त्याचा प्रत्येक नग प्रोटोटाइपच म्हणायचा. तिथे मी त्याच्या एखाद्या गिऱ्हाइकाकडे जाऊन, चहा पिऊन, त्याच्याकडचाच नग ऐकला असता.