कचऱ्यावरच्या जंगलात पक्षी बघायचे तर

नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानातल्या पक्षिफेरीला जावं का, कचऱ्याच्या जागेवर पक्षी ते किती दिसणार आणि माहितगार माणूस बरोबर हवाच का, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे बरीच वर्षं जातोय. जरूर जा. पण एका सकाळीत पन्नास पक्ष्यांची यादी करायची असेल, तर ठाण्याच्या खाडीवर गेलेलं बरं.

ही ३७ एकर जागा सत्तरच्या दशकापर्यंत मुंबईचा कचरा गिळत होती. १९८३ साली डॉ. सालिम अलींच्या हस्ते इथे पहिलं झाड लावलं गेलं आणि उद्यान लोकांना खुलं झालं ते १९९४ मध्ये. आज डोक्यावर जी गच्च पानं दिसतात ती सगळी माणसांनी लावून वाढवलेल्या झाडांची. पक्षिफेरीला जाणाऱ्याची पंचाईत इथेच होते. रान दाट, उजेड कमी, पक्षी वर फांद्यांत.

पहिल्यांदा मी एकटाच गेलो होतो, गळ्यात नवी दुर्बीण अडकवून. दोन तासांत कावळे, घारी, साळुंक्या आणि एक बुलबुल. हात हलवत परत. पुढच्या वेळी एका जाणत्या माणसाबरोबर गेलो, तर त्याने आम्हाला एका झाडाखाली वीस मिनिटं नुसतं उभं केलं. बोलायचं नाही, दुर्बीण लावायची नाही. मग आवाज सुटे व्हायला लागले. एकसुरी टुक-टुक तांबटाचं. तो मान फिरवत राहतो, म्हणून आवाज कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून. अंगठ्याएवढा शिंपी, पण ओरडणं असं की पाहुण्याला वाटावं केवढा पक्षी असेल! झाडोऱ्यात खोल कुठेतरी भारद्वाजाचा हूप-हूप. आवाज कळला की नजर कुठे न्यायची ते कळतं. त्या दिवशी हळद्या दिसला तोही आधी ऐकूनच. तेव्हा पहिल्या एक-दोन फेऱ्यांना माहितगार हवाच, पुढे नसला तरी चालतं.

मिठी नदीच्या बाजूला गेलात तर गणित वेगळं. तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून घ्या. ओहोटीला चिखल उघडा पडला की बगळे, वंचक, थंडीत तुतवार चरायला उतरतात. भरतीला खारफुटीकडे बघत बसावं लागतं. वास येतो, हेही सांगून ठेवतो. लेक नाक दाबेल आणि विचारेल. तेव्हा मिठीत काय काय सोडलं जातं ते तिला सांगायला हरकत नाही, घारी या शहरात इतक्या का आहेत तेही त्यातच येईल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. स्थलांतरित पाहुणेही त्याच दिवसांत, आणि स्वर्गीय नर्तक दिसला तर नशीब. मार्चपासून दयाळ पहाटे गायला लागतो, पण नऊ वाजता घामाने जीव जातो. पाऊस तोंडावर आला की नवरंग मुंबईत उतरतो, मात्र त्याच्या भरवशावर कोणी फेरी ठरवू नये.

पूर्ण बाह्यांचा, मातकट किंवा हिरवा शर्ट घाला. डास आहेत, आणि ते यादीत मोजत नाहीत. गटात बाराच्या वर माणसं असतील तर मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात, तेव्हा नाव देतानाच आकडा विचारा. फोनवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बाहेर काढणारा कोणी निघाला, तर स्पष्ट नको म्हणा. विणीच्या दिवसांत तो बिचारा हद्द राखायला धावत येतो आणि घरट्याकडे दुर्लक्ष होतं. मी एकदा गप्प बसलो होतो, अजून खटकतं.

उद्यान सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस डेपोसमोर आहे. तिकीट आणि फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. आणि लेकीच्या हातात दुर्बीण पहिल्या अर्ध्या तासात देऊ नका. तोवर एक छोटी वही द्या, त्यात तिला ऐकू आलेले आवाज तिच्याच अक्षरांत लिहू दे. माझ्या भाचीने कोतवालाला ‘गंजलेलं दार’ असं लिहिलं होतं. आमच्या घरात आता त्याचं तेच नाव आहे.