इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचा पहिला अल्बम 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' लोक एवढा डोक्यावर का घेतात? मला तर तिसऱ्या गाण्यालाच झोप आली. काय मिस करतोय मी?

झोप मलाही आली होती, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझा घोळ असा झाला की आधी त्याची स्टोरी वाचली, १९७४ मध्ये २६ व्या वर्षी गोळ्यांच्या ओव्हरडोसने गेला वगैरे, आणि मग प्रत्येक गाण्यात तेच शोधत बसलो. तसं ऐकलं की सगळंच रडकं वाटतं हो.

पण हा अल्बम १९६९ चा आहे. पोरगा तेव्हा २०-२१ चा, केंब्रिजला इंग्लिश लिटरेचर शिकणारा, आणि चांगलाच हट्टी. प्रोड्युसर जो बॉइडने व्हायोलिन वगैरेंची अरेंजमेंट करायला एक अनुभवी माणूस आणला होता, ते काम याला आवडलं नाही, तर हा म्हणे माझा कॉलेजातला मित्र करेल. तो मित्र म्हणजे रॉबर्ट कर्बी, ज्याने तोवर प्रोफेशनल असं काहीच केलेलं नव्हतं! पहिलाच अल्बम, स्वतःचं नाव कुणाला माहीत नाही आणि तरी एवढी हिंमत. 'वे टु ब्लू' ऐका, त्यात गिटारच नाहीये, म्हणजे ज्याच्या गिटारवर लोक जीव टाकतात त्याने ती बाजूला ठेवली आणि नुसत्या स्ट्रिंग्जवर, म्हणजे व्हायोलिन वगैरेंवर गायला.

मला खरं पकडलं ते 'रिव्हर मॅन'ने. पाचाच्या ठेक्यात आहे ते. आपल्याकडे झपताल ऐकलेला असेल तर बोटांवर धी ना धी धी ना मोजून बघा. मी मोजायला गेलो तर चुकलो, कारण तबल्यासारखी सम कुणी दाखवतच नाही, गिटार एकसारखी वाहत राहते आणि आवाज तिच्यावर थोडा मागे रेंगाळत येतो. मग हळूच स्ट्रिंग्ज. या एकाच गाण्याला कर्बी नाही म्हणाला, म्हणून हॅरी रॉबिन्सनला बोलावलं, जो हॉरर पिक्चरांना म्युझिक द्यायचा. त्यामुळेच असेल कदाचित, पण त्या स्ट्रिंग्जमध्ये नदीवरच्या धुक्यासारखं काहीतरी भीतीदायक आहे, आणि ते मला फार आवडतं.

बाकी डॅनी थॉम्पसनचा डबल बास नक्की ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर तो येतच नाही, हेडफोन लावा. पहिल्या गाण्यात इलेक्ट्रिक गिटार रिचर्ड थॉम्पसनची आहे, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडवाला (आडनाव एकच, नातं काही नाही). 'सॅटर्डे सन' मला अजूनही ठीकठाकच वाटतं, कुणी भांडू नका.

अल्बमच्या नावाचं म्हणाल तर त्यातही गूढ काही नाही, रिझला कंपनीच्या सिगारेटच्या कागदांच्या पाकिटात संपत आलं की चिठ्ठी निघायची, पाचच पानं उरलीत अशी, म्हणजे 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट'. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याचाही अर्थ लावला, कारण तो गेला साधारण पाच वर्षांनी. योगायोग आहे हो.

तेव्हा अल्बम विकला गेलाच नाही फारसा, लाईव्ह शो करायला तो कचरायचा, मग ऐकवणार कुणाला.

तर आता असं करा, पहिल्यापासून लावूच नका. 'रिव्हर मॅन' सलग तीनदा, मग 'चेलो साँग'. आणि आडवं पडून नका ऐकू, मी तिथेच झोपलो होतो.