करडईच्या तेलातून लिनोलेइक आम्ल (एक मेदाम्ल) वेगळं करायला ऊर्ध्वपातन (उकळवून वाफ पुन्हा थंड करणं) का चालत नाही?
तेलातली ओलेइक, लिनोलेइक, स्टिअरिक ही तिन्ही मेदाम्लं १८ कार्बनची, उत्कलनबिंदू अगदी जवळजवळ. शिवाय फार तापवलं तर सिस दुहेरी बंध (साखळी वाकवणारा) ट्रान्स (साखळी जवळजवळ सरळ ठेवणारा) होण्याची भीती. हा फरक किरकोळ समजू नका: ओलेइक १३-१४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याचं ट्रान्स रूप इलायडिक थेट ४५ अंशांच्या आसपास!

त्यापेक्षा युरिया वापरा. तेलाचं साबणीकरण करून (अल्कलीने त्याचा साबण बनवून) आम्ल घाला, म्हणजे मेदाम्लं मोकळी होतील. ती युरियासोबत गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून सावकाश थंड करा. युरियाचे सुयांसारखे स्फटिक दिसू लागतील; सरळ साखळीची स्टिअरिक-पामिटिक त्यांत अडकतात, बरंचसं ओलेइकही. दोन ठिकाणी वाकलेलं लिनोलेइक मात्र बहुतांश द्रावणातच राहतं. गाळून घ्या, खाली आलेल्या द्रावणात आम्लयुक्त पाणी घालून लिनोलेइक हेक्झेन या द्रावकात ओढा. आणि ते नायट्रोजन वायूखालीच ठेवा, हवेत ते फार लवकर खवट होतं.