संच रद्द होतो तो ब्लँकपायी, भाव वाढवायला नव्हे

तुमचा प्रश्न असा, की सरकारी टांकसाळ संग्राहकांसाठी नाण्यांचा संच जाहीर करते, बुकिंग घेते आणि मग रद्द का करते? यात मुद्दाम टंचाई करायचा डाव असतो का?

डाव नसतो. मुंबईत नाणी जमवणाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे आणि 'मिंटवाले मुद्दाम करतात' असं ठासून सांगणारे बहुतेक जण स्वतः विक्रेते असतात. संच दुर्मीळ झाला तर वाढलेला भाव विक्रेत्याच्या खिशात जातो, टांकसाळीला त्यातला रुपयाही मिळत नाही. तिच्या वाट्याला येतात वाया गेलेले डाय (नाण्यावर नक्षी उमटवणारे ठसे), छापून पडलेली पाकिटं आणि परत करायचे पैसे.

बहुतेक वेळा अडतं ते ब्लँकवर, म्हणजे ठसा मारण्याआधीच्या कोऱ्या चकतीवर. अमेरिकेचं २००९ सालचं उदाहरण नीट समजून घ्या, कारण टंचाईवाल्यांचं आवडतं उदाहरण तेच. एक औंस चांदीचं 'सिल्व्हर ईगल' तिथे दोन प्रकारे निघतं. एक साधं, गुंतवणूकदारांसाठी. दुसरं प्रूफ, म्हणजे आरशासारखं चकचकीत, संग्राहकांसाठी, जे १९८६ पासून दरवर्षी निघत होतं. २००८ च्या आर्थिक संकटानंतर लोक चांदीवर तुटून पडले. गुंतवणुकीच्या नाण्याची मागणी पूर्ण करण्याचं बंधन कायद्यानेच टांकसाळीवर होतं, प्रूफला असं संरक्षण नव्हतं आणि बाहेरून येणारे ब्लँक दोन्हींना पुरेनात. ऑक्टोबर २००९ मध्ये त्या वर्षीचं प्रूफ रद्द झालं. टंचाईच करायची असती तर हजार-दोन हजार नाणी काढून चढ्या भावाने विकता आली असती. निघालं एकही नाही. पुढे २०१० च्या अखेरीस कायद्यातलं ते बंधन सैल केलं गेलं. रिकाम्या जागेचा फायदा एका खासगी टांकसाळीने उठवला आणि अस्सल ईगलवर पुन्हा ठसा मारून २००९ चं प्रूफसारखं नाणं विकलं.

प्रूफला कुठलाही ब्लँक चालत नाही. पत्र्यातून चकती कापायची, भट्टीत तापवून मऊ करायची, धुवायची, स्टीलच्या बारीक गोळ्यांबरोबर फिरवून चकचकीत करायची आणि नजरेखालून घालायची. मग आरशासारख्या घासलेल्या डायखाली सावकाश, निदान दोनदा दाब द्यायचा. धुळीचा एक कण अडकला तरी नाणं बाद. शुद्ध चांदीवर कधी कधी पॅकिंगनंतर पांढरे डाग उमटतात आणि तयार माल परत येतो. प्रूफचा डाय साध्या डायपेक्षा लवकर झिजतो, तो पुन्हा घासावा किंवा बदलावा लागतो. संचात पाच नाणी असतील आणि चौघांचं सगळं जमून एकाचे ब्लँक आले नाहीत, तर अख्खा संच अडतो.

आपल्याकडे धातू बदलून वेळ मारून नेता येत नाही. नाण्याचं वजन, व्यास, धातू आणि नक्षी नाणे अधिनियम २०११ खालच्या राजपत्रात छापून येतात. बदल करायचा तर नवी अधिसूचना काढावी लागते.

दुसरं कारण भाव. आपल्या अनेक स्मारक नाण्यांचं वजन ३५ ग्रॅम असतं आणि त्यात चांदी ५० टक्के, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बुकिंगनंतर चांदी किलोमागे १०,००० रुपयांनी चढली, तर एका नाण्यामागे १७५ रुपये वाढतात. ४० ग्रॅम शुद्ध चांदीच्या नाण्यात तोच आकडा ४०० होतो. किंमत आधीच ठरलेली, फरक कोण भरणार?

बाकी कारणं तुरळक. ब्रिटनच्या राजा आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली आणि त्याचा प्रूफ संच विक्रीला आलाच नाही. अमेरिकेने १९८२ आणि १९८३ चे नेहमीचे वार्षिक संच खर्च वाचवण्यासाठी काढले नाहीत. त्या वर्षांची निष्कलंक नाणी आज महाग आहेत, कारण तेव्हा ती फार कमी लोकांनी जपून ठेवली.

दोष द्यायचाच तर गुप्ततेला द्या. बुकिंग उघडतानाच जास्तीत जास्त किती नग निघणार आणि शेवटची पाठवणी कधी, हे टांकसाळीने छापलं पाहिजे. ही माहिती मिळत नाही म्हणून विक्रेत्यांच्या गोष्टी खपतात.

तुमचे पैसे अडकले असतील तर ऑर्डर क्रमांक, पावती आणि बुकिंगच्या वेळच्या अटींची प्रत जपा, परतावा लेखी मागा. पण उशीर म्हणजे रद्द नव्हे, आपल्याकडे बुकिंगनंतर काही महिने वाट पाहणं नेहमीचंच. रद्द झालेलं परतही येतं. अमेरिकेची मॉर्गन आणि पीस डॉलर ही चांदीची संग्राहक नाणी २०२२ साठी रद्द झाली, २०२३ मध्ये पुन्हा निघाली.

आणि फोर्टातल्या फुटपाथवर किंवा प्रदर्शनात कुणी 'रद्द झालेला संच' म्हणून जादा पैसे मागितले, तर आधी राजपत्र काढून ताडा. ३५ ग्रॅमचं असेल तर व्यास ४४ मिलिमीटर, कडेला २०० दाते. मुंबईच्या प्रूफवर 'एम' हे अक्षर, साध्यावर हिऱ्याच्या आकाराची खूण. पॉइंट शून्य एक ग्रॅम दाखवणारा काटा आणि व्यास मोजायचं व्हर्निअर खिशात ठेवा. विक्रेता नाणं कॅप्सूलमधून काढू देत नसेल आणि मिंटचं बिलही दाखवत नसेल, तर घेऊ नका.