मोंटानात नोकरी स्वीकारण्यापूर्वी

रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरांचे रुग्णालयातील प्रशिक्षण, संपल्यावर त्यासाठीच्या जे-१ व्हिसाची मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ग्लासगोच्या रुग्णालयात तीन वर्षे काम करावे का, आणि पत्नी व शाळकरी मुलगी तेथे रमतील का, असे आपण विचारले आहे. मी बिलिंग्जला राहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मोंटानाचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सव्वापट आहे. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार १० लाख ८४ हजार. सर्वांत मोठे शहर बिलिंग्ज, तेही सव्वा लाखाच्या आतले. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान आणि मिझूला, बोझमन ही विद्यापीठांची गावे डोंगराळ पश्चिम भागात आहेत. ग्लासगो ईशान्येच्या माळरानात, गहू आणि गुरांच्या मुलखात आहे, तेव्हा छायाचित्रांतील पर्वत खिडकीतून दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये.

थंडीचा बाऊ बहुतेक जण करतात. जानेवारी १९५४ मध्ये रॉजर्स पास येथे उणे ५७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, हे खरे. पण घरे उबदार असतात आणि गाडीच्या इंजिनाला बसवलेल्या ब्लॉक हीटरची वायर रात्री सॉकेटला जोडली की सकाळी गाडी सुरू होते. माझ्या मते खरा प्रश्न अंतराचा आहे. ग्लासगोहून बिलिंग्ज सुमारे साडेचारशे किलोमीटर. एखाद्या विशेषज्ञाकडे जायचे म्हटले की दिवस मोडतो, आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर हरणे येत असल्याने परतीची घाई करता येत नाही. शिकागो-सिॲटल रेल्वे गावात थांबते, पण दिवसातून एकेका दिशेला एकदाच. राज्यात मसूर भरपूर पिकतो, तरी तूरडाळ आणि पोहे टपालानेच मागवावे लागतील!

राज्याचा विक्रीकर नाही, प्राप्तिकर आहे. डॉक्टरांसाठी अशा माफीच्या जागा दरवर्षी प्रत्येक राज्याला ३०, कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यालाही तेवढ्याच, त्यामुळे हाती आलेली संधी लहान समजू नये. मात्र माफीनंतर आपण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि पत्नी एच-४ या त्याच्या जोडीदार-व्हिसावर जाल. जे-२ या सध्याच्या जोडीदार-व्हिसावर कामाचा परवाना काढून त्या आज नोकरी करत असतील, तर ती थांबेल आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचेपर्यंत सहसा पुन्हा करता येणार नाही. इतक्या लहान गावात तीन हिवाळे नोकरीविना काढायचे आहेत, हे त्यांच्याशी आधी स्पष्ट बोलावे.

करारावर सही करण्यापूर्वी दोघांनी मिळून, जुलैत नव्हे तर जानेवारीत, गाव पाहून यावे. रात्रपाळीला बदली डॉक्टर कोण असेल आणि ग्रीन कार्डचा अर्ज रुग्णालय कधी दाखल करील, या दोन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात.