बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 7075-टी6 ची (हीट ट्रीटमेंटने कडक केलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची) 3 मिमी पट्टी 5 मिमी त्रिज्येत वाकवताना चिरते. गॅस टॉर्चने तापवून वाकवली तर चालेल का?

टॉर्च लावू नका. टी6 ची ताकद 120 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवून आलेली असते. 200 च्या वर ती झपाट्याने उतरते, आणि ॲल्युमिनियम लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. पत्र्यावर साबण घासून तो काळा होईपर्यंत तापवायची युक्ती साध्या मऊ पत्र्याला ठीक. इथे चीर टळेलही, पण जिथे भार येणार नेमका तोच कोपरा मऊ पडेल.

ड्रॉइंगमध्ये सवलत असेल तर त्रिज्या वाढवा. टी6 ला आतली त्रिज्या जाडीच्या सहापट, म्हणजे 18 मिमी तरी द्यावी. 5 मध्ये ती चिरणारच. बेंडची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी घ्या, कडा घासून गुळगुळीत करा. खूण मार्करने करा, स्क्राइबरच्या ओरखड्यातूनच चीर सुरू होते.

5 मिमीच हवी असेल तर पट्टी आधी भट्टीत 470 अंशांना सुमारे 50 मिनिटं ठेवा. भट्टीचं दार उघडल्यापासून 15 सेकंदांत ती पूर्ण पाण्यात गेली पाहिजे. पाणी ढवळतं आणि 38 अंशांखाली हवं. उन्हाळ्यात लहान टाकी दोन-तीन खेपांत तापते, ते बघा. त्यानंतर साधारण अर्धा तास पट्टी मऊ असते. त्यातच वाकवा, पिळवटली असेल तर सरळही तेव्हाच करा. पट्ट्या जास्त असतील तर पाण्यातून काढल्याबरोबर पुसून उणे 18 च्या डीप फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तशी एकेक काढा. शेवटी पुन्हा 120 ला 24 तास.

खरी अडचण भट्टीची. पोलादाच्या हार्डनिंगला 15-20 अंश इकडेतिकडे खपून जातात, इथे नाही. 480 च्या वर धातूच्या कणांच्या सीमा वितळायला लागतात. तो माल भंगारच, पुन्हा हीट ट्रीटमेंट करून सुधारत नाही. म्हणून पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पट्टीलाच बांधा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलसर किंवा तेलकट पट्टी भट्टीत घालू नका: वाफेतला हायड्रोजन धातूत शिरतो आणि पृष्ठभागावर फोड येतात.

24 तासांनंतर बेंडजवळच्या सपाट भागावर कडकपणा मोजा. रॉकवेल बी या कडकपणाच्या मापावर तो 84 च्या खाली आला, तर मी आधी पाण्यात जायला झालेला उशीर तपासेन, मग तापमान.