तेरावा पत्ता

प्रिय पोरी,

तुझ्या आईकडून काल कळलं. बंगळुरूच्या नोकरीला होकार कळवायच्या आदल्या रात्री तू भविष्य बघायला टॅरोच्या पत्त्यांतला एक काढलास, तेरावा, ‘मृत्यू’ निघाला, आणि तेव्हापासून तू हो म्हणत नाहीस की नाही म्हणत नाहीस. वर तो पत्ता डेकमधून, म्हणजे पत्त्यांच्या जोडातून, काढून कपाटावर टाकलास म्हणे. आधी हसले. मग रागच आला.

चित्र बघितलंस का गं? नाव वाचलंस आणि घाबरलीस. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा, हातात काळं निशाण, निशाणावर पांढरा गुलाब. राजा आडवा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा, लहान मूल मात्र घोड्यासमोर गुडघे टेकून सरळ वर बघतंय. आणि मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य. यातलं काय काय पाहिलंस तू?

तुझ्याकडचा डेक 1909 मध्ये लंडनला निघाला. कल्पना आर्थर वेटची, प्रकाशक रायडर, म्हणून नाव ‘रायडर-वेट’. चित्रं मात्र पामेला कोलमन स्मिथ या बाईची. काम भलंमोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिनं तेव्हा एका परिचिताला लिहिलं होतं. 1951 मध्ये गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. जुन्या बहुतेक डेकांत छोटे पत्ते आपल्या किलवर पंजासारखेच असायचे, पाच तलवारी म्हणजे नुसत्या पाच तलवारी. हिनं त्यांतल्या बहुतेकांवर माणसं उभी केली, प्रसंग रंगवले. आणि तू मोबाईलवर अर्थ शोधतेस! चित्र बघ.

टॅरो म्हणजे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गूढ ज्ञान वगैरे डोक्यातून काढून टाक. 1781 मध्ये पॅरिसमध्ये कूर द जेबलँ या गृहस्थांनी ते छापलं. शांपोलियोंनी इजिप्तची लिपी उलगडली 1822 मध्ये. म्हणजे वाचता येण्याआधीच अर्थ तयार! हे पत्ते पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतले, खेळायचे. मेंढीकोटात आपण हुकूम ठरवतो ना, तसे यात एकवीस पत्ते कायमचे हुकूम, शिवाय ‘वेडा’ नावाचा एक पत्ता. फ्रान्स-ऑस्ट्रियात आजही लोक खेळतात. सावंतवाडीच्या गंजिफ्यांवर दहाही अवतार रंगवलेले असतात, म्हणून कुणी त्यांना कौल लावत नाही.

डेक भेटच मिळायला हवा, रेशमात गुंडाळायला हवा, हेही असंच. माझा पहिला डेक मी पगारातून घेतला, फोर्टच्या फुटपाथवरून. जुन्या रुमालात ठेवते.

आता माझं. लोकांना टॅरो बघून द्यायला लागले, त्या सुरुवातीच्या दिवसांत एक मुलगी स्थळाबद्दल विचारायला आली. ‘दोन पेले’ निघाला. पुस्तकात लिहिलं होतं प्रेम, मीलन. मी म्हटलं, हो म्हण. ती बोटातली अंगठी गरगर फिरवत होती, पत्त्याकडे एकदाही बघत नव्हती. तिला विचारायला हवं होतं, या चित्रातल्या दोघांकडे बघून तुला काय वाटतं? विचारलं नाही. चारेक वर्षांनी भाजी घेताना भेटली, एकटीच राहत होती. चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, “तुम्ही म्हणालात म्हणून.”

सव्वीस वर्षांची कमावती मुलगी. मी काय तिला बोहल्यावर ओढत नेलं? माझ्याशिवायही ती हो म्हणाली असती, आईवडील मागे लागलेच होते. आणि पैसे घेते म्हणून मला नावं ठेवणाऱ्यांनो, तासभर कुणाचं मन लावून ऐकून दाखवा की! असं मी स्वतःशी कितीतरी वेळा भांडले आहे. तरी भाजीवाल्यासमोरचं ते वाक्य काही जात नाही.

त्या दिवसापासून पुस्तक बंद. समोरच्या माणसाच्या हातात पत्ता देते आणि म्हणते, चित्र बघा, मला सांगा. लोक वैतागतात. भविष्य सांगा म्हणतात. त्यांनी पोपटवाला गाठावा.

बंगळुरूला जा की जाऊ नकोस, ते मी सांगणार नाही, माझ्याकडून काढूनही घेऊ नकोस. घर सोडायची भीती वाटते की ती नोकरीच नको आहे, हे तुला मुलाखतीच्या दिवशीच कळलं असेल. पण रविवारी ये. थालीपीठ लावते. आणि स्टूल घेऊन कपाटावरून तो पत्ता खाली काढ, पूस, डेकमध्ये घाल, पीस. अठ्ठ्याहत्तर मोजून आण. सत्त्याहत्तर आणलेस तर दारातूनच परत पाठवीन.

तुझी,
मावशी